मामांची फेरी

मॅक्रो चालू केला की मामा कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवत आणि पाठ सरळ करून पडद्याकडे बघत बसत. शीटमधल्या एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात पिवळा रंग सरकत जाई आणि मामांची मान त्याच्याबरोबर किंचित वळत जाई. ओळ संपून रंग पुन्हा डावीकडे आला की मानही परत येई. मध्ये कुणी बोललं तर ते उत्तर देत नसत. घरातलं पोर पहिल्यांदा एकटं दुकानात निघालं की ते कोपऱ्यावर वळेपर्यंत आपण दारात उभं राहून बघतो. मामांचं बघणं त्या जातीचं होतं.

ज्यांना हे काम येतं ते हसतील. मॅक्रो म्हणजे संगणकाला एकदाच लिहून दिलेलं काम. ह्या पट्ट्यातल्या प्रत्येक रकान्यात जा, तिथं काय आहे ते पाहा, त्याप्रमाणे कर, मग पुढच्या रकान्यात जा. रकाने हजारांनी असले तरी ते पापणी लवायच्या आत उरकतं. मामांनी मात्र आपल्या मॅक्रोत मुद्दाम एक ओळ घातली होती, प्रत्येक रकान्यावर जरासं थांबायची. मी एकदा विचारलं, "मामा, लवकर व्हावं म्हणूनच तर हे करतात ना?"

"धावत धावत फेरी मारते का कोणी?" मामा म्हणाले. "घरातल्या माणसाले दारापर्यंत यायले टाइम पाहिजे न वं."

रकान्याला ते घर म्हणत आणि मॅक्रोला फेरी. हे शब्द त्यांच्या वडिलांकडून आलेले. आबा उमरेडला स्वतः लुगडी विणत आणि स्वतःच गठ्ठा खांद्यावर घालून आसपासच्या गावांत फेरीवर जात. लहानपणी मामा त्यांच्यामागे चालत. आबा प्रत्येक दारापुढे उभं राहून आवाज देत, दाराला कुलूप असलं तरी. कुलपाला काय लुगडं विकता, असं मामांनी विचारल्यावर आबा म्हणाले होते, शेजारीण सांगते न, म्हातारा येऊन गेला म्हणून. ही गोष्ट मामा वारंवार सांगत, आणि दर वेळी शेवटी स्वतःशीच हसत.

आबा गेले आणि माग बंद झाला. मामा नागपूरला आले, तांडापेठेत दोन खोल्या घेतल्या, चारदोन ठिकाणी नोकऱ्या केल्या, आणि पन्नाशी जवळ आल्यावर मिहानमधल्या एका मोठ्या गोदामाच्या ऑफिसात लागले. कोणता माल आला, कोणता गेला, हे प्रत्येक पाळीचे लोक आपापल्या शीटवर लिहीत, आणि मामांनी ती सगळी शीटं एकत्र करायची. मॅक्रो ते तिथंच शिकले. आधी हातानं केलेलं काम संगणक जसंच्या तसं टिपून घेतो आणि पुन्हा करून दाखवतो, हे पाहून ते फार हलले होते. "आबानं मले असंच शिकवलं," ते म्हणाले. "बोलला काहीच नाही. म्हणे, माह्ये हात पाह्य."

सुरुवातीला त्यांचं चुकेही. एकदा पुढच्या रकान्यात जायची ओळ लिहायलाच ते विसरले, आणि मॅक्रो पहिल्याच रकान्यावर अडकून राहिला. दुसऱ्या कुणी संगणक बंद केला असता. मामा मांडीवर हात ठेवून जेवणाची सुट्टी होईपर्यंत वाट बघत बसले. घरी आल्यावर मामीला म्हणाले, "पहिल्याच घरी चहा पीत बसला बेटा."

"तुमच्यावर गेला," मामी म्हणाली.

दुसरी एक चूक जास्त महागात पडली असती. पाळीचे लोक शीट दिसायला मोकळं दिसावं म्हणून मधूनमधून एखादी ओळ कोरी सोडत. मामांची फेरी कोऱ्या ओळीपाशी आली की काम संपलं असं समजून तिथंच थांबे, आणि खालचा सगळा माल गणतीतून सुटे. ते लक्षात आल्यावर मामांनी एक ओळ वाढवली. रिकामी ओळ दिसली तर तिच्याकडे बघायचं नाही, सोडून पुढं जायचं. त्या दिवसापासून फेरी कधी अडली नाही. साहेब खूश होते. फक्त एवढंच म्हणत, "वासुदेवराव, दोन सेकंदांच्या कामाला तुमच्याकडे चहाइतका वेळ लागतो हो."

"चहा तर प्यायचाच हाय साहेब," मामा म्हणत.

रविवारी सकाळी त्यांची आणखी एक फेरी असे. घरात जुना लँडलाइन फोन होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत ठेवला. त्याच्यापुढे खुर्ची ओढून ते सगळ्या नातेवाइकांना एकामागून एक फोन करत. क्रम ठरलेला. पहिला उमरेडला दामूभाऊंना. हे त्यांचे बालमित्र, अजून माग चालवणारे. दुसरा मामीचे भाऊ गुलाबराव यांना. तिसरा मला. पुढे बाकीचे. बोलणं काहीच नसे. "जेवली का वं? कूलरमध्ये पाणी टाकलं? बरं. ठेवतो." माझी आई गेल्यावर माहेर म्हणून मला एवढंच उरलं होतं, आणि मी ग्रंथालयातल्या नोकरीत मुक्या माणसांत आठवडा काढून त्या दोनचार वाक्यांची वाट बघत असे.

गुलाबराव फोन उचलत नसत. मामांनी माग विकला तेव्हापासून त्यांनी बोलणं टाकलं होतं. दोघं एकाच छपराखाली विणायला बसत आणि मामा त्यांना न विचारता उठून गेले, हा त्यांचा राग. त्या रागाला कित्येक वर्षं झाली होती. तरी दर रविवारी दुसरा फोन त्यांनाच जाई. पुष्कळ वेळ घंटी वाजून बंद होई. मग मामा माझा नंबर फिरवत. मी एकदा म्हटलं, "मामा, ते उचलत नाहीत. कशाला लावता?"

"घंटी तर वाजते न त्याच्या घरात," मामा म्हणाले.

मामा-मामींना मूल नव्हतं. मामीचं नाव काशी. ती अंगानं बारीक आणि बोलायला तिखट. लहानपणापासून माहेरी विणायच्या सुताच्या कांड्या भरलेल्या, त्यामुळे कापडाचा पोत ती न बघता बोटांनी सांगे. लग्नात आबांनी तिला एक लुगडं विणून दिलं होतं. लाल अंग आणि हिरव्या काठावर चाफ्याची बारीक फुलं. तो काठ आबांनी त्या एकाच लुगड्यासाठी बांधला, पुन्हा कधी विणला नाही. मामीनं ते नेसून नेसून संपवलं. अंग विरलं तेव्हा त्याची गोधडी झाली, गोधडीही विरली, आणि शेवटी काठाची हातभर पट्टी उरली. ती पट्टी मामीच्या उशीखाली असे. बोलता बोलता तिचं बोट त्या पट्टीवरून चालत राही. फुलापाशी थांबे, मग पुढं जाई.

मामीची फुप्फुसं आकसत चालली आहेत असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा घरात हवेतून प्राणवायू काढणारं यंत्र आलं. कूलरच्या आवाजात त्याचा आवाज मिसळला. मामी दोन वाक्यांमध्ये थांबू लागली. डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं, आणि मामांनी मला बाहेरच्या पायरीवर बसून सांगितलं. रस्त्यावरून एक रिकामा हातठेला गेला. तो दिसेनासा झाल्यावर ते म्हणाले, "तिले तो काठ एकदा अंगावर द्याचा हाय वं. आबाचा. ती आहे तवरच."

हे सोपं नव्हतं. आबांनी काठ कुठं लिहून ठेवला नव्हता. साध्या विणीत आडवं सूत नेणारा धोटा एकदा इकडून तिकडे गेला की एक खेप होते, आणि खेपांवर खेपा पडत कापड वाढतं. काठात फूल हवं असेल तर कोणत्या खेपेला काठातले कोणते दोरे वर उचलायचे हे मागाला सांगावं लागतं. त्यासाठी मागाच्या डोक्यावर डॉबी नावाचं लाकडी यंत्र असतं. भोकं पाडलेल्या पट्ट्यांची माळ त्यावर फिरते, एका खेपेला एक पट्टी. ज्या भोकात खुंटी ठोकली तो दोरा वर येतो. माळ फिरून पुन्हा पहिल्या पट्टीवर आली की तेच फूल पुन्हा उमलतं. तेव्हा प्रश्न एवढाच होता की कोणत्या पट्टीत कोणत्या भोकांना खुंट्या. त्याचं उत्तर मामीच्या उशीखाली होतं.

मामांनी काम हाती घेतलं. मामी झोपली की ते पट्टी अलगद काढून घेत, भिंग आणि सुई घेऊन एकेक दोरा मोजत, आणि संगणकावरच्या शीटमध्ये रकाने रंगवत. एक ओळ म्हणजे एक खेप. हिरवा रकाना म्हणजे वर उचललेला दोरा. मी शनिवारी जाई तेव्हा पडद्यावर फूल थोडं वाढलेलं दिसे. आधी देठ, मग पाकळ्यांची टोकं. फुलाच्या वर कोऱ्या ओळी सोडलेल्या, मग पुढचं फूल. ते पाहून माझे डोळे भरून आले होते. मामीला हे कळू द्यायचं नव्हतं, पण तिला कळलं असावं. एकदा ती डोळे मिटून म्हणाली, "माही पट्टी कोण नेऊन राहिलं रोज? उंदीर शिकले वाटते."

चित्र पुरं झालं. आता त्यावरून प्रत्येक खेपेच्या खुंट्या काढायच्या होत्या. मामांनी ऑफिसातलीच फेरी घरच्या संगणकावर आणली, रकान्यांची नावं बदलली, आणि ती ह्या चित्रावरून फिरवली. पहिल्या ओळीतल्या पहिल्या घरापासून शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या घरापर्यंत. हिरवं घर आलं की दुसऱ्या शीटवर त्याचा आकडा उमटे. मामा मांडीवर हात ठेवून बसले होते. मी मागं उभी होते. आतून मामीच्या यंत्राचा आवाज येत होता. फेरी संपली तेव्हा मामांनी पडद्याला हात जोडले. त्यांना असं करताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

मामीला सोडून मामांना हलता येत नव्हतं, म्हणून आकड्यांचे कागद घेऊन उमरेडच्या बसनं मी गेले. दामूभाऊंनी चष्मा लावून कागद उलटेसुलटे पाहिले.

"म्हणजे वासुदेवनं माग सोडला, आन् आता टीव्हीवर विणून राहिला का?"

"त्यांनी विचारलंय, जमेल का?"

"न जमाले काय झालं. हातानं खुंट्या ठोकतो मी, कोणी का सांगेना." ते कागदावरून बोट फिरवत राहिले. "काशीवहिनीसाठी हाय न? मंग आधी हेच लावतो. पण त्याले सांगजो, मंधात फोन करकरून पिसाळू नोको मले. आन् पाहाले येऊ नोको."

मागावरचं अर्धं कापड ज्याच्यासाठी आहे त्याच्या घरच्यांना दाखवायचं नाही, ही त्या लोकांची जुनी रीत. मामांनी ती कधी मोडली नव्हती, आताही मोडली नाही. रविवारी पहिला फोन उमरेडला जाई तेव्हा दामूभाऊ एवढंच सांगत, चालू हाय. मामाही पुढे विचारत नसत. तो उन्हाळा त्या दोन शब्दांवर गेला. मामी पलंगावरून खुर्चीपर्यंत येत असे, ती हळूहळू पलंगावरच राहू लागली.

लुगडं आलं ते दामूभाऊ स्वतः घेऊन आले. मामांनी घडी मामीच्या मांडीवर ठेवली आणि बाजूला उभे राहिले. मामीनं रंग पाहिला, मामांकडे पाहिलं, आणि डोळे पुसले. मग तिनं डोळे मिटले आणि सवयीनं बोट काठावर ठेवलं. बोट एका फुलावरून निघालं आणि लगेच दुसऱ्या फुलावर गेलं. थांबलं. मागं आलं. पुन्हा निघालं. आम्ही तिघं बघत होतो.

"लय सुंदर हाय जी," ती म्हणाली. थोडं थांबून श्वास घेतला. "फुलायची गर्दी झाली जराशी. मंधात दम घ्यायले जागा नाही ठेवली."

दामूभाऊ म्हणाले, "वहिनी, कागदावर होतं तसंच विणलं."

"मंग कागदच माह्यासारखा असन," मामी हसून म्हणाली. हसताना तिला खोकला आला.

मामांनी पट्टी मागितली, लुगड्याच्या काठाशेजारी धरली. पट्टीत फूल, मग साधा हिरवा काठ, मग फूल. लुगड्यात फुलाच्या डोक्यावर फुलाचं देठ. मामा संगणकापाशी गेले. मॅक्रो एकेक ओळ करून चालवायची सोय असते, तसा त्यांनी चालवला. मला म्हणाले, "इकडं ये. पाह्य."

मी बघितलं. पिवळा रंग फुलातून घरोघर गेला, फूल संपलं, कोरी ओळ आली, आणि रंग एका उडीत पुढच्या फुलाच्या देठावर जाऊन बसला.

"रिकामी ओळ दिसली का हा कुदते," मामा म्हणाले. "मीच शिकवलं त्याले."

ऑफिसात कोरी ओळ म्हणजे काही नाही. मागावर तीच ओळ म्हणजे बिनखुंटीची पट्टी, साधी खेप. धोटा तिथंही जातो आणि तेवढं कापड होतं. ज्या घरात जन्मभर हे झालं त्या घरातल्या माणसानं ही चूक केली होती, आणि दुसऱ्या कुणाच्या हातून ती झालीच नसती. ते दोन्ही कामं आपली म्हणून जाणत होते, म्हणून एकातली ओळ दुसऱ्यात निर्धास्त घेऊन आले. आबा कुलूप लावलेल्या घरापुढेही आवाज देत, हे मामांनी मला किती वेळा सांगितलं असेल. त्यांनाही तेच आठवत होतं हे त्यांच्या मानेवरून मला कळत होतं.

त्यांनी ती ओळ खोडली. तिच्या जागी लिहिलं की ओळ रिकामी असेल तर दुसऱ्या शीटवर 'सादी खेप' असं लिही, मग पुढं जा. आणखीही एक गोष्ट त्यांनी केली. प्रत्येक घरी थांबायची जी ओळ होती, ती काढून टाकली. फेरी पापणी लवायच्या आत संपली. मामांनी कागद छापले आणि दामूभाऊंच्या हातात दिले. चहासुद्धा न घेता दामूभाऊ शेवटच्या बसला निघाले. माग नव्यानं बांधायचा, माळ नव्यानं लावायची. दारात ते मामांना म्हणाले, "रात्रंदिवस बसतो गा."

"घाई नोका करू कोणी," आतून मामी म्हणाली. "हे बी मले आवडलं हाय."

पाऊस सुरू होऊन स्थिरावला, आणि एका दुपारी मामी गेली. मी तिच्या पायाशी बसले होते, मामा उशाशी. दामूभाऊंच्या मागावर लुगडं निम्म्याहून पुढं आलं होतं.

शेजारच्या बायकांनी तिला नेसवण्यासाठी नवं लुगडं मागितलं. मामांनी ट्रंकेतून ते दाट फुलांचं काढून दिलं. एक वडीलधारी बाई हळूच म्हणाली, "ह्याचा काठ चुकला हाय म्हणून राहिले होते न तुम्ही? बाजारातलं एक चांगलं हाय, ते देऊ का?"

"हेच द्या," मामा म्हणाले. "हे तिनं हसून पाहिलं होतं."

गुलाबराव बहिणीच्या अंत्यविधीला आले आणि लांब उभे राहिले. मामा त्यांच्याजवळ गेले, शेजारी उभे राहिले. तिला उचलताना पुढच्या बाजूला त्या दोघांचे खांदे होते.

पुढच्या रविवारी सकाळी मी तांडापेठेतच होते. मामा खुर्ची ओढून फोनपुढे बसले. उमरेडला लावला. दामूभाऊंचा आवाज मला बाजूला ऐकू येत होता.

"वासुदेव, माग उतरवू का गा?"

"काहून?"

"आता कोणासाठी विणू?"

मामांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "काठ तर पुरा कर," ते म्हणाले. मग त्यांनी गुलाबरावांचा नंबर फिरवला. घंटी वाजून वाजून बंद झाली. तिसरा फोन माझा, आणि मी शेजारीच बसले होते. मामांनी रिसीव्हर ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "जेवली का वं?"

दुसरं लुगडं दिवाळीच्या सुमारास आलं. दामूभाऊंनी ते मामांच्या हातात दिलं आणि पाणीही न पिता परत गेले. मामांनी काठावर मामीसारखं बोट ठेवलं. फूल, मग साध्या खेपा, मग फूल. त्यांचं बोट जाडजूड, त्याला तिच्यासारखं चालता येत नव्हतं. "आता बरोबर जाते," ते म्हणाले, आणि घडी माझ्याकडे सरकवली. मी नको म्हटलं. "तुह्या मामीचं हाय ते," मामा म्हणाले. "तू नेस." संगणकावरच्या फेरीत त्यांनी थांबायची ओळ परत घातली होती, हे मला त्या दिवशी दिसलं. ते चित्र लावून मामा संध्याकाळी फेरीपुढे बसत. कागद छापायचे नसत. नुसते बघत.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका रविवारी माझा फोन वाजला नाही. मी वाट बघितली. कूलरमध्ये पाणी टाकलं, पुन्हा वाट बघितली. मग मीच लावला. पुष्कळ वेळ घंटी वाजत राहिली. मी रिक्षा करून गेले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. मामा फोनपुढच्या खुर्चीत बसले होते, दोन्ही हात मांडीवर.

डॉक्टर हृदय म्हणाले. त्रास झाला नसेल म्हणाले. उमरेडहून दामूभाऊ आले, आणि पायरीवर बसून पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिले, सकाळी तर बोलला माह्याशी, चांगला बोलला. गुलाबराव भिंतीला टेकून उभे होते. मी पाणी द्यायला गेले तर त्यांनी पेला घेतला नाही.

"वाजला होता," ते म्हणाले. "मी समोरच बसलो होतो. वाजू देला."

मी त्यांना आत आणून बसवलं. माझा क्रम त्यांच्यानंतरचा, हे मी त्यांना सांगितलं नाही.

तांडापेठेतल्या घराची किल्ली आता माझ्याकडे आहे. महिन्यातून एकदा जाऊन मी दारं उघडते, झाडते. संगणक झाकून ठेवला आहे. लँडलाइन मी बंद केलेला नाही. मामीचं लुगडं मी नेसते. ग्रंथालयात कुणी काठाचं कौतुक केलं तर आमच्या आबांचा आहे म्हणते. रविवारी सकाळी माझ्या घरी खुर्ची ओढून फोन लावते. पहिला उमरेडला. दामूभाऊ म्हणतात, चालू हाय. दुसरा गुलाबरावांना. ते आता पहिल्याच घंटीला उचलतात आणि मी काही विचारायच्या आत, जेवलो जेवलो, म्हणतात. तिसरं घर माझं होतं. तिथं मी मामांचा नंबर लावते. तांडापेठेतल्या त्या बंद खोलीत, रिकाम्या खुर्चीपुढे घंटी वाजते. ती आपोआप बंद होईपर्यंत मी ऐकते, आणि मग पुढचा नंबर फिरवते.